उणे चाळीस

बाहेर चव्वेचाळीस.
जालन्याच्या एमआयडीसीत डांबर चपलेला धरून ठेवतं,
मोसंबीवाल्याने गाड्यावर ओलं गोणपाट टाकलंय,
आणि मी लॅबच्या मागच्या खोलीत
सुका बर्फ फोडतेय.

स्पिरिटवर पांढरा धूर उकळतो.
उकळतो म्हणायचं आपलं;
हात घातलास तर कातडी तिथेच राहील,
असं डोईफोडे पहिल्या दिवशी म्हणाला होता.
हातोडा त्याच्याकडे. आडनावावरचा विनोद
तो स्वतःच करतो, दर नव्या माणसाला एकदा.

तुकडा करंगळीएवढा. मधोमध खाच.
ज्या प्लेटचा हा तुकडा, ती जाणार वर, पुलासाठी,
जिथे म्हणे नदी उभ्या उभ्या थिजते.
मी पाहिलाय तो बर्फ रसवंतीतला,
भुशात गुंडाळलेला, पोत्यात घालून कुटलेला.

दहा मिनिटं बुडव.
मग पाचच सेकंद:
चिमट्याने उचल, ठेव, हो बाजूला.

मागच्या आठवड्यातला साधा तुकडा
अकरावर तुटला. आवाज काचेचा.
आत खडीसाखरेसारखी चमक,
इतकी सुंदर की खरात सरांनी लॉटच परत पाठवला.

आज लोलक सुटला
आणि मध्येच जड झाल्यासारखा पलीकडे गेला.
काटा त्र्याण्णववर.
तुकडा मोडला तो उसाचं कांडं पिळावं तसा,
करडा, तंतू तंतू, शेवटपर्यंत धरून.
डोईफोडेने वहीत आकडा लिहिला
आणि विचारलं, डब्यात काय आहे आज?

*

गच्चीवर याच पोलादाच्या पट्ट्या, उतरत्या लावलेल्या.
त्यात तांबं, क्रोमियम, जरासं निकेल,
येसरात दगडफूल पडावं एवढंच.
गयाबाई रोज सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडते
आणि रोज हळहळते:
माय, हितं माणसाला टँकर,
आन् तुम्ही गंज पिकवताय.

मी समजावते. भिजायला हवं, मग वाळायला हवं,
पुन्हा भिजायला, पुन्हा वाळायला.
नुसतं ओलं राहिलं तर गंज खाऊन टाकतो.
ती म्हणते, मला नको सांगू,
मी कपडे धुऊनच म्हातारी झाले.

पहिल्या वर्षी भिंतीवर भगवे ओघळ आले,
शेजारच्या कारखान्याने तक्रार केली.
दुसऱ्या वर्षी पट्ट्या विटकरी झाल्या.
तिसऱ्या उन्हाळ्यात, काताच्या रंगावर आल्यावर,
गयाबाईने पदराचं टोक एका पट्टीवरून ओढलं,
उलटून पाहिलं, मला दाखवलं.
लागंना आता.
त्या दिवशी तिने त्या पट्टीला
एक तांब्या जास्तीचं पाणी घातलं.
मी नोंद केली नाही.

*

दुपारी ट्रेलर भरला. क्लीनर पोरगा,
मिसरूड नुकतं फुटलेलं, प्लेटा मोजत म्हणाला,
याला रंग मारायचं विसरले का?
डोईफोडे म्हणाला, त्याचा तो मारून घेतो.

साखळ्या आवळल्या गेल्या.
इतक्या महिन्यांत मी हिला
चिमट्यानेच धरली होती, तीही करंगळीएवढी,
धुरातून काढून.
म्हणून वरच्या प्लेटवर तळहात टेकवला.

भाजला.
गयाबाईने हसत हसत तांब्या आणला.
फोड चार दिवस होता.