चौकशीची खिडकी

सव्वीस वर्षं इंदूर स्टेशनच्या चौकशीत बसले.
माइकवर माझा आवाज.
अवंतिका, मालवा, नर्मदा,
सगळ्या आधी माझ्या तोंडून सुटत,
मग फलाटावरून.

आता पेल्याचं चित्र समोर धरतात
आणि मी म्हणते, गुरुवार.

नाहीद मॅडम हसत नाहीत.
कार्ड पालथं ठेवतात, दुसरं उचलतात. छत्री.
छत्री मला दिसते,
तिची मोडकी काडी, ती गळायची ती जागा,
नेमका डावा खांदा.
सगळं ठाऊक आहे. फक्त नाव नाही.
नाव येतं, आउटरला उभं राहतं,
सिग्नल पडत नाही.

भेटायला येतात माणसं.
कुमुदवन्सं नारळाच्या वड्या आणतात,
भाटेकाका उज्जैनचा अंगारा,
आणि सगळ्यांकडे एकच वाक्य, धुऊन इस्त्री केलेलं:
सकारात्मक राहायचं बरं का.
मी मान हलवते. मान अजून माझी आहे.
मी वाक्य सुरू केलं की ते घाईनं पुरं करून देतात,
हातातली पिशवी प्रेमानं हिसकावून घ्यावी तसं.
परवा मला हवा होता चहा.
मिळाली चादर.
घेतली पांघरून. मे महिना.

सकाळी सव्वासातला रामबागेत कचरागाडी येते,
गाणं वाजवत.
उजवा हात एमवायमधून घरी आला तो झोपूनच,
म्हणून डाव्यानं एकेक डबा. दोन फेऱ्या. मधे उंबरा.
पायरीवर रेवाराम. त्याला तीनशे घरं.
पहिल्या दिवशी म्हणाला, बाई, गीला के सूखा?
झाकण उघडून बघता आलं असतं.
त्यानं बघितलं नाही. थांबला.
मागे स्कूटरवाला हॉर्न देतोय,
चौरसियांची सून झाकण आपटतेय,
गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून लागलं,
आणि मी तोंड उघडं ठेवून उभी.
काही आलं नाही.
कोई बात नी, तो म्हणाला. कल.

त्या रात्री दिगंबर घोरत होता
आणि मला खिडकी आठवली.
जाळीला नाक लावून माणसं विचारायची,
ताई, गाडी येणार की नाही?
चार तास, अकरा तास,
धुक्यात एकदा तर एकोणीस,
पण विलंबाला मी कधी रद्द म्हटलं नाही.
दोन्हींच्या पाट्या वेगळ्या होत्या.
लोक चिडायचे, मग फरशीवर चादर पसरायचे,
पुऱ्या सोडायचे,
लोणच्याचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा.

उठले. वही काढली.
डाव्या हाताचे कोंबडीचे पाय:
छत्री, विलंब.
पेला, विलंब.
दिगंबर, विलंब. (सकाळी वाचून रुसला.)
रडणं, वेळेवर.
तेही लिहिलं.
खोटी घोषणा मी नोकरीतही केली नाही.

सोळाव्या दिवशी पेला आला.
गिलास होऊन आला, दुसऱ्याच फलाटावर.
म्हटलं, येऊ दे. उतरू दे.
आमच्या इंदुरात मराठी माणूस
तसाही अर्धा त्या फलाटावरच राहतो.

आणि आज.
उंबरा. पहिली फेरी.
रेवारामनं विचारलं.
चौरसियांच्या सुनेचं झाकण हवेत राहिलं.
मी म्हटलं, माइकवाल्या आवाजात,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं,
गीला!

डब्यात कालचं वर्तमानपत्र होतं
आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं.
त्यानं आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
गुपचूप सुक्यात ओतलं.

मी दुसरा डबा आणायला वळले.
तो थांबला.