शेऱ्याचा रकाना

पहाटे साडेपाचला पिंपळवाडीच्या काठावर
गाडी बंद केली, की शांतता कानाला लागते
गार पत्र्यासारखी.
मोबाईल म्हणतो, नऊ अंश.
लिंबाजी म्हणतो, बगळ्यानं पाय पोटात घेतलाय,
आठच आसंल.

त्याच्या होडीला नाव नाही.
बाहेरच्या पत्र्यावर कुठल्याशा निवडणुकीतला
नमस्काराचा एकच हात शिल्लक आहे,
दुसरा डांबराखाली गेला.
मी बसते. मांडीवर गणनेचा फॉर्म,
पेनाला तोंडाची वाफ देऊन जागं करते.

धुकं असं, की पाणी कुठं संपतं
ते वल्ह्यालाच ठाऊक.
म्हणून आधी आवाज मोजायचे.
चांदवे पाण्यावरून धावतात, ओल्या चपलांनी
शाळेला उशीर झालेली पोरं जशी.
शेकाट्याची किरकिर.
मग हळूहळू आकार :
थापट्या बदक, चोच डावीउजवीकडं फिरवत,
पीठ चाळणाऱ्या बाईइतकं एकाग्र.
तलवार बदकं, बुडी मारून
शेपट्या तेवढ्या वर ठेवलेली.

पहिल्या वर्षी साहेबांनी शिकवलं,
दहा पक्ष्यांचा ठोकळा डोळ्यात धरायचा
आणि थव्यावर ठेवत ठेवत जायचं.
लिंबाजीनं शिकवलं,
"म्याडम, निम्मे पाण्याखाली असत्यात.
जरा दम धरा की."

गाळपेरीतल्या हरभऱ्यात पट्टकादंब उतरलेत.
मागच्या जानेवारीत एकाच्या गळ्यात
नारिंगी पट्टी होती, पट्टीवर अक्षर आणि दोन आकडे.
यंदा एकशे बारा माना तपासल्या.
सगळ्या उघड्या.
"मंगोलियाहून यायचा तो," मी म्हणते.
"इतक्या लांबून यिऊन हरभराच खायचा,"
लिंबाजी म्हणतो, आणि थोड्या वेळानं,
"आमची सोयरीक बी मंग तिकडंच करावी लागंल."

सातशे चाळीसवर होते मी
तेव्हा दलदलीवरून भोवत्या आला,
खाली, संथ, वसुलीला निघाल्यासारखा.
आणि सगळं पाणी उठलं.
ठोकळे फुटले, दहाचे शंभर, शंभराचं आभाळ.
पंखांचा वारा गालाला लागला.
मी पेन खाली ठेवलं.

रिकाम्या झालेल्या त्या पाण्यात
एक डोकं वर आलं.
चपटं, मिशांचं, ओल्या दगडासारखं चकचकीत.
त्याच्या मागं दुसरं. मग एक लहान,
जे पुन्हा पुन्हा बुडायचं विसरत होतं.
पाणमांजरं.
पाच वर्षं झाली मला इथं. कधीच नाही.

आईनं मासा दोन्ही हातांत धरला
आणि डोक्याकडून खाल्ला, कणीस खावं तसा.
तो आवाज, कुरूम कुरूम, धुक्यातून थेट आला.
लिंबाजीनं वल्हं उचललं नाही, टेकवलंही नाही.
त्यावरून थेंब पडत राहिले.

ती गेली. रेघही राहिली नाही.
खूप वेळानं तो म्हणाला,
"परवा माझं जाळं फाडलं ते ह्यांनीच.
हे एवढं भगदाड." दोन्ही हात पसरून दाखवलं,
आणि तसेच ठेवले, पसरलेले.
"लिव्हू नका, म्याडम.
तुमचे येत्याल क्यामेरे घिऊन.
आन आमचे येत्याल काठ्या घिऊन."

काठावर त्याच्या बायकोनं, गयाबाईनं,
बिनदुधाचा चहा दिला, गूळ जास्त.
मी फॉर्म भरला.
चांदवे, अंदाजे अडीच हजार.
थापट्या, तीनशे दहा.
पट्टकादंब, एकशे बारा, पट्टी नाही.
इतर प्राणी : इथं पेन थोडं थांबलं.
एक आडवी रेघ.

मग खाली, शेऱ्याच्या रकान्यात,
सरकारी अक्षरात लिहिलं :
दाट धुकं. नीट दिसलं नाही.

तेव्हा ऊन इतकं लख्ख पडलं होतं
की पलीकडच्या काठावर चरणाऱ्या शेळीच्या
गळ्यातली दोरीही मला दिसत होती,
आणि तिची गाठ.