दोन डोळ्यांमधलं अंतर

बापूस माझा पाहुण्यांना सांबर दाखवायचा.
दाखवायचा, एवढंच. मारणं त्यांचं.
रात्रीचे पाच रुपये, जेवण पाहुण्यांच्या डब्यातलं,
आणि वाट चुकली तर शिव्या फुकट.

मी बॅटरीवाला. वय दहा.
चार सेलची बॅटरी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत.
त्याने शिकवलं ते असं:
रातव्याचा डोळा लाल, जमिनीला चिकटलेला, तो सोड.
भेकराचे ठेंगणे, दिसले की वळलेच.
सांबराचे हिरवट, बाप्याच्या छातीएवढे उंच,
आणि मधे तुझी एक वीत.
‘आदी अंतर बघ, मगे उजेड धर.
नि तोंडातसून शबुद नाय.’

त्या चैत्रात बेळगावचे कंत्राटदार आले,
चौगुले, नवी दुनळी, पायात करकरणारे बूट.
नेरवड्याच्या वर, सड्याच्या टोकाला
दगडांची रास आहे. बापसाने तिच्यावर ऐनाची डहाळी ठेवली,
पुटपुटला: ‘पावण्याच्या हाताक येस दी म्हाराजा,
नि नाय दिलंस तर आमका तरी घराक धाड.’

तिथून पश्चिमेला समुद्र दिसतो.
अमावस्या तोंडावर, काळोखात
लांब वीस-पंचवीस ठिपके.
चौगुल्यांनी बंदूक उचलली. ‘तो कळप कसला?’
बापूस म्हणाला, ‘देवगडच्या होड्या, साहेब.’
अंधारात तो हसला असेल. मला दिसलं नाही.

पाणवठ्यावर आम्ही बसलो ते पार
कोंबड्याच्या पहिल्या बांगेपर्यंत.
डास चावला तर चावू द्यायचा.
मग करवंदीच्या जाळीत काहीतरी फुरफुरलं.
बापसाचं बोट माझ्या मनगटावर.
मी कळ दाबली.

हिरवट, हो. दोन, हो.
पण छातीएवढे नव्हते, कमरेएवढे.
आणि ते वळले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले,
ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे.
मी तोंड उघडलं.
शबुद नाय.
बार झाला.

बापूस एकटा पुढे गेला. बॅटरी माझ्याकडून घेऊन, विझवून.
बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.
परत आला तो शहरी मराठीत:
‘लागला साहेब. पण गेला. मोठा होता.’
आणि पहाटे, बंगल्याच्या पायरीवर,
पडवीतल्या आढ्यातून काढलेलं एक शिंग त्यांच्या हातात:
‘धडपडताना झाडावर आपटून पडलं, बघा.’
ते शिंग आम्हांला दोन वर्षांपूर्वी
ऐनाखाली सापडलं होतं.
सांबर शिंगं आपणहून टाकतो, दरवर्षी.
हे चौगुल्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी बापसाला पन्नासची नोट दिली, पाठ थोपटली.

उजाडल्यावर आम्ही दोघं धनगरवाड्यावर.
धाकू वरक दारात उभा, त्याला ठाऊक होतं;
रात्रभर एक म्हैस हंबरत होती.
बापूस काहीच बोलला नाही. नोट पुढे केली.
वरकाने ती उलटसुलट पाहिली, आत गेला,
बऱ्याच वेळाने बाहेर आला
आणि बावीस रुपये सुट्टे परत मोजले.
‘रेडकाचं इतकं होत नाय.’

मग त्याने ओसरीवर ठेवलेली घंटा उचलली,
रात्रीच गळ्यातून सोडून आणलेली.
पितळेची, लहान. आतली जीभ
चिखलाने गच्च बसलेली.
काटकीने तो चिखल उकरत राहिला,
आमच्याकडे न बघता, ढिगळा ढिगळाने,
आणि शेवटी हलवून पाहिली.

वाजली.

वाटेत बापसाने मला विचारलं नाही
की तुला कळलं होतं का.
मीही सांगितलं नाही.
बावीस रुपयांचं त्याने बियाणं घेतलं.

आता शिकारीला बंदी आहे, चांगलंच आहे.
बेळगावात कुठल्याशा भिंतीवर
ते शिंग असेल अजून, खाली तारीख घातलेलं,
आणि कुणी तरी नातवाला सांगत असेल
किती मोठा होता.