हाताआधी

त्रिएस्तेच्या इस्पितळात, तळमजल्यावर, माझी खोली:
एक दिवा, वजनाची नोंद घेणारा एक पाट,
चिकटपट्ट्यांचा डबा.
पाटावर अनवाणी उभे फुल्वियो कोसूता,
वय एक्क्याऐंशी, चाळीस वर्षं कॉफीहाउसात वेटर.
"तपासायचाय हात, आणि चिकटपट्ट्या तंगडीला?"

मी म्हटलं, दिवा लागला
की उजवा हात समोर उचलायचा. झटकन.
बाकी काही करायचं नाही.

पण बाकीचं होतंच.
पडद्यावर चार रेघा सरकतात.
पोटरी, ती आधी जराशी सैल पडते,
मग मांडीमागची दोरी ताणली जाते,
मग पाठ,
आणि सगळ्यात शेवटी खांदा,
ज्याच्या नावावर सगळं काम मांडलेलं असतं.
पापणी लवायच्या आत हे उरकतं,
नाहीतर हाताच्या वजनानं
माणूस आपल्याच पुढ्यात तोंडावर पडेल.

ते हसले. "हे मला ठाऊक आहे, बाई.
ट्रेवरचा पेला मी स्वतः उचलला
तर खालचा हात जागचा हलत नाही.
गिऱ्हाइकानं न विचारता उचलला
की ट्रे उडतो, आणि शर्ट धुवायला जातो."

तेच ते.
बोरा सुटला की या गावात पूर्वी
रस्त्याच्या कडेनं दोर बांधायचे,
बायका एका हातानं दोर धरायच्या, दुसऱ्यानं टोपी.
वारा काही सांगून येत नाही.
तो ढकलतो, मग पाय धावाधाव करतात.
आपला हात मात्र निघण्याआधी
खाली निरोप धाडतो.

सोळा वेळा दिवा लागला.
सतराव्या वेळी मी लावलाच नाही.
हे आधी सांगायचं नसतं.

ते वाट बघत राहिले. हात मांडीशी, सरळ.
आणि पडद्यावर दुसरी रेघ
एकटीच उठली, थरथरली, बसली.

"हे काय?"
पायानं तयारी केली होती.
"कशाची?"
हात उचलायची.
"पण मी उचलला नाही."
नाही उचललात.

खुर्ची दिली तरी बसले नाहीत.
मग पडद्याकडेच बघत म्हणाले,
पंचावन्न साल. धक्क्यावर ही गर्दी.
ऑस्ट्रेलियाचं जहाज, कठड्याशी मारिनो,
माझा थोरला भाऊ, नव्या कोटात.
कोट आमच्या सायकलीचा होता.
आमच्या, म्हणजे दोघांच्या.
मला न विचारता विकली होती.
सगळं गाव रुमाल हलवत होतं.
आई माझ्या दंडाला चिमटे काढत होती.
मी तेरा वर्षांचा, दोन्ही मुठी खिशात,
भोंगा वाजला तरी खिशात.

मेलबर्नहून पत्रं यायची.
हवा, पगार, पोरांची दुखणी.
एकाच पत्रात, शेवटी, सहीच्या खाली:
तू हात हलवला नाहीस.

त्याचं उत्तर राहिलं.
मारिनो गेला त्याला नऊ वर्षं झाली.

"बाई, त्या दिवशी माझ्या पायाला
हे तुमचं लावलेलं असतं, तर?"

मला सांगता आलं नाही.
माझं यंत्र फक्त आत्ताचं सांगतं,
तेही एका मांडीचं, सतराव्या खेपेचं.
आणि त्या गर्दीत पाय कशाकशाला ताणलेला असेल,
रागालाही ताणतोच की.
मी एवढंच म्हटलं: असेल.

त्यांनी सतराव्या खेपेचा कागद मागितला.
नियमात बसत नाही. मी दिला.
चार घड्या घालून
त्यांनी तो डाव्या खिशात ठेवला,
मोजे चढवले, एक उलटा,
आणि खुंटीवरचा कोट काढायला
हात वर केला.

मी त्यांच्या टाचेकडे बघत होते.