अर्धा र

डोमाजी वऱ्हाडे, राहणार टाकळघाट.
पासबुकात वर्हाडे. पेन्शन सात महिने अडून.
सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर, टिनाखाली,
कूलरच्या ओल्या वाऱ्यात मी टाइप करते:
दोन्ही नावांचा इसम एकच.

शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू.
स्क्रीनवर र नीट बसतो, ह ला बिलगून.
कागद निघतो तर दोन्हीकडे
तो टुणकन ह च्या डोक्यावर.
वर्हाडे आणि वर्हाडे, एकच इसम.

"हे तं मले बी मालूम हाय, बाई,"
डोमाजी म्हणतात. हसू मिशीत दाबतात.

फॉन्ट बदलते. चौकोन येतो.
आणखी एक. आता र अख्खा उभा,
पाय तेवढा मोडलेला.
साडेपाचला नोटरी उठतात.

शेवटी पेन घेते.
डोक्यावरचा र ब्लेडने खरवडून
व आणि ह च्या फटीत ओढते
पापणीएवढी रेघ. फुंकर घालते.

नोटरी चष्मा कपाळावर सारतात,
कागद उजेडात धरतात:
"केस चिकटला का हो इथं?"
नखाने उचलून पाहतात.

निघत नाही.