अनंताच्या किंचित अलीकडे

मत्राच्या किनारी रस्त्यामागच्या गल्लीत
कॅमेऱ्यांच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं उभा आहे.
गिऱ्हाईक किंमत विचारतं,
मी विचारतो, काढायचंय काय?

उंटांची शर्यत असेल तर ऑटोफोकस घ्या, डोळे मिटून.
धूळ उडते, बाजूनं गाड्या हॉर्न वाजवत पळतात,
तिथं रिंग फिरवत बसलात
तर उंट पुढे आणि तुमच्या हाती शेपूट.
रांगतं मूल असेल तरी ऑटोच.
मूल उंटाहून वाईट.

पण जाळीमागचा ससाणा?
यंत्र जाळी धरतं.
आड येईल त्यालाच ते विषय समजतं.
नर्स मारिविक म्हणाली, आमच्या सुपरवायझरसारखं.
तिला मी दहा टक्के सोडले.

शमाल सुटला की ऑटो चाचपडतं,
पुढे, मागे, पुन्हा पुढे, घर्र घर्र,
दिवे गेल्यावर चप्पल शोधणारा पाहुणा जसा.

रमजानच्या सव्विसाव्या दिवशी
खल्फान बिन मसूद आले, नातवाचा हात धरून.
ईदची कोर काढायचीय.
म्हटलं, बाबा, इथं ऑटो हात टेकतं.
कोर म्हणजे नखाची कातरण, तीही मावळतीच्या उजेडात.
यंत्राला धरायला कड लागते.
हातानंच जुळवावं लागेल.
आधी तुम्हाला दिसायला हवी, मग काचेला.

ते हसले.
मला दिसली असती
तर तुझ्या दुकानाची पायरी कशाला चढलो असतो?

कॅटलॉगात याला उत्तर नव्हतं.

दुकान ओढून घेतलं, रस्ता ओलांडला.
दूर नांगरलेला एक टँकर.
रिंग फिरवत नेली आडव्या पडलेल्या आठापर्यंत
आणि केसभर मागे घेतली.
लेन्स अनंताच्याही थोडी पुढे जाते,
कारखान्याची उदारता.
कठड्याची तार दिसू लागली, तशी
किमतीच्या लेबलांची चिकटपट्टी रिंगवर गुंडाळली.
आता हात लावू नका.
जहाज काय, चंद्र काय,
इथून पुढे सगळं एकाच अंतरावर.

त्या हिशेबानं देवगडही तिथंच कुठंतरी.
खरं तर तेव्हा गाव आठवायला हवं होतं.
आठवलं एवढंच, की किल्ली काउंटरवर राहिली.

ईद झाल्यावर ते कार्ड घेऊन आले.
एकोणतिसाव्या संध्याकाळी धुरकट होतं,
कोर कुणालाच दिसली नाही, तीस रोजे भरले.
चाळीस फोटो रिकाम्या आकाशाचे.
एकात मात्र डोंगराची धार, बुरुजाचा दिवा,
सगळं सुईसारखं,
आणि पुढ्यात अज्जान, उडी मारून बोट वर केलेला,
पार विरघळून गेलेला.

म्हटलं, हा वाया गेला.
मुलासाठी हे बटण इकडे करायचं, बघा.

त्यांनी प्रिंट नाकाशी नेली, मग हातभर लांब धरली.
मुलगा बरोबर आलाय, म्हणाले.
मला तो असाच दिसतो.
मोठा करून दे.

आणि जरा थांबून,
हे मागे डोंगर कुठले?