सावकाश

गल्लीतले माग चालू होते तोवर
माझ्या कॉम्प्युटरला आवाज आहे हे कुणाला ठाऊक?
वडगावात तेव्हा पाळण्यातलं पोरसुद्धा
खटखटीशिवाय झोपत नसे.
मग इराप्पाचे चार माग भंगारात गेले, किलोच्या भावानं,
आणि दुपारी लग्नाचा व्हिडिओ रेंडरला लावला की
अख्ख्या गल्लीत एकटा पंखाच किंचाळायचा.

रेणुका रात्रपाळी करून येते.
सिव्हिलचा वास कोपरापर्यंत धुऊन काढते,
खिडकीला चादर, कानावर उशी.
बोलत नाही काही. कूस बदलते.
मी मोजलं एकदा:
येळ्ळूरच्या एका वरातीत अकरा वेळा.

इराप्पाला बोलावलं.
त्यानं पेटीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला,
मागाचं बेअरिंग ऐकायचा तसा.
"गाळी ओळग," पुढं बोट.
"गाळी होरग," मागं.
माझे दोन्ही पंखे वर्षभर
एकमेकांच्या तोंडावर फुंकत होते.

लहान काढले. बशीएवढे दोन आणले.
स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या,
खुंट्या संपल्या तिथं सायकलच्या ट्यूबचे तुकडे.
वायरी बांधल्या त्याच्या शेवटच्या कांडीवरल्या
जांभळ्या धाग्यानं. तो धागा
त्यानं खिशात का ठेवला होता, विचारलं नाही.

राहिली गती.
मी म्हटलं, तापलं की पळू दे, निवलं की थांबू दे.
नको म्हणाला.
आवाजानं झोप मोडत नाही, खरं
आवाज बदलला की मोडते.
एकच चाल ठेव.
"सावकाश," म्हणाला,
आणि ते कानडीत की मराठीत
ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी वरात निम्मी झाली असेल,
रेणुका एकदम उठून बसली.
"बंद पडलं काय ओ?"
"चालू हाय की."
"मग ऐकू का येईना?"
तिचा हात धरून पेटीच्या मागं नेला.
कोमट वारा. बोटांवरची लव हलण्याइतका.
स्क्रीनवर नवरदेवाचे मामा
बिनआवाजाचे नाचत होते.
तिनं हात तिथंच ठेवला,
वॉर्डात कुणाच्या कपाळावर ठेवावा तसा.
"शंभराच्या आत हाय," म्हणाली,
आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.